साबणाचा सव्वा महिना

माझी धाकटी बहीण त्या थंडीत माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आली, तेव्हा तिचं बाळ जाऊन फार दिवस झाले नव्हते. सातव्या महिन्यात, पोटातच गेलं. कल्याणच्या हॉस्पिटलातून ती आधी सासरी गेली, मग तिचा नवरा तिला रिक्षाने माझ्याकडे घेऊन आला. त्याने दारात बॅग ठेवली, चहा अर्धाच प्यायला आणि म्हणाला, "ताई, जरा बघा." बघा म्हणजे नेमकं काय बघा, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. आता आम्हा दोघींचं माहेर म्हणजे माझा हा दोन खोल्यांचा फ्लॅट, समोर आंब्याचं एक झाड आणि वारा फिरला की एमआयडीसीचा आंबूस वास.

ती आतल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून पडायची. झोपायची नाही, पडायची. एरवी ही मुलगी म्हणजे तोंडाचा पट्टा. रंगांच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला, दिवसभर बाटल्या आणि वजनकाटे. घरी आली की तासभर नुसती कोणाकोणाच्या नकला करायची. ती आता "हो", "नको" आणि "राहू दे" यावर आली. मी जात्याच बडबडी आणि रागीट. मला गप्प माणसं झेपत नाहीत. मी भांडी आपटायचे, फोनवर उगाच मोठ्याने बोलायचे, तिच्या उशाशी जाऊन लसूण सोलत बसायचे. ती खिडकीकडेच बघत राहायची.

अंघोळीचं तर विचारूच नका. आत जायची, दोन तांबे पाणी ओतल्याचा आवाज यायचा, की आली बाहेर. साबण कोरडाच्या कोरडा. एक दिवस माझा पारा चढला. म्हटलं, "अगं बये, साबण काय शोभेला ठेवलाय?"

"वास येतो त्याला," ती म्हणाली.

"साबणाला वास येणारच की!"

"हॉस्पिटलचा."

मी तो साबण उचलून कचऱ्यात टाकला. मग खाली उतरून दुकानातला एकेक साबण आणत सुटले. चंदनाचा, कडुलिंबाचा, गुलाबाचा, बिनवासाचा म्हणून लिहिलेला. सगळे तिने नाकाशी नेले आणि परत दिले. शेवटी दुकानदाराने आपणहून लहान बाळांचा साबण पुढे केला, "मॅडम, हा सगळ्यात माइल्ड." मी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने तो मुकाट्याने पुन्हा कपाटात ठेवला. बिचाऱ्याची काय चूक म्हणा. पण मला त्या दिवशी कोणावर तरी चिडायचंच होतं.

खरं सांगायचं तर मी घाबरलेले. ती रोज थोडी थोडी कमी होत चाललीय असं वाटायचं. जेवण कमी, आवाज कमी, चालताना पावलांचाही आवाज नाही. अशीच कमी होत होत एक दिवस ही मला दिसेनाशी झाली तर, असं भर दुपारी मनात यायचं आणि हातातलं काम थांबायचं. म्हणून साबण. बाकी मला काय करता येणार होतं? ज्याला कसलाही वास नाही असा साबण विकत मिळत नसेल तर आपण घरी करू. बाईने आजवर लोणची केली, पापड केले, साबण म्हणजे असा काय मोठा लागून गेलाय!

मोबाइलवर नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ बघितले. त्यातली ती बाई हसत हसत सांगायची की वनस्पतींची तेलं घ्या, कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवा, तेलात मिसळा, ढवळा, साच्यात ओता, झालं. मी घाण्यावर जाऊन खोबरेल, तिळाचं तेल आणि एरंडेल आणलं. थंडीचे दिवस, खोबरेल पार थिजलेलं, पांढरंशुभ्र. बरणी गॅलरीत उन्हात ठेवली आणि तिच्यासमोर बसून राहिले. कडेकडेने ते आधी काचेसारखं व्हायचं, मग मधला पांढरा गोळा सुटून तरंगायचा, मग तोही हळूहळू नाहीसा. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, कुठेतरी कुकरची शिट्टी. मला वाटतं माझी तिथे बसल्या बसल्या डुलकी लागली. त्या दिवसांचं काहीही आठवलं की मला असंच आठवतं, पिवळट, उबदार, आणि कशालाच घाई नसलेलं.

आता पातेल्याची गोष्ट. व्हिडिओतली बाई पुन्हा पुन्हा बजावत होती, अ‍ॅल्युमिनियम वापरू नका, अ‍ॅल्युमिनियम बिलकुल नको. मी मान डोलावली. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियम होतंच कुठे? स्टील होतं, पितळ होतं, आणि आईच्या वेळचं ते मोठं जर्मनचं पातेलं होतं, ज्यात आम्ही दूध तापवायचो. त्याला आमच्या घरात जन्मात कोणी दुसरं काही म्हटलेलं नाही. जर्मन ते जर्मन. चांगलं ऐसपैस, जाड बुडाचं. मी त्यात पाणी घेतलं आणि चमच्याने सोडा टाकला.

आधी नुसतं चुरचुरलं. मग फसफसायला लागलं, मग पातेल्याच्या पोटातून असे बुडबुडे उठले की मी मागे सरकून फ्रिजला टेकले. नाकात शिरेल असा उग्र वास. पांढरं पातेलं डोळ्यांदेखत काळं पडत चाललेलं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, बहुतेक "आई गं" असेल.

आणि आतल्या खोलीतून माझी बहीण धावत आली. अनवाणी, केस सुटलेले. कितीतरी दिवसांत मी तिला धावताना तर सोडाच, भराभर चालतानाही बघितलं नव्हतं. तिने आधी खिडकी उघडली, मला दंडाला धरून बाजूला ढकललं, ओढणी नाकाला बांधली, दोन फडक्यांत ते पातेलं उचललं आणि गॅलरीत नेऊन ठेवलं.

"अ‍ॅल्युमिनियममध्ये कॉस्टिक टाकतं का कोणी!"

"अगं, अ‍ॅल्युमिनियम कुठाय? जर्मन आहे ते!"

"जर्मन म्हणजेच अ‍ॅल्युमिनियम, गाढवे!"

मी तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. तिची वेणी घातली, तिला शाळेत सोडलं, तिच्या लग्नात माझीच रडून रडून पुरती वाट लागलेली. तिने मला आजवर कधी अगंतुगंपलीकडे काही म्हटलं नव्हतं. पण त्या दिवशी गाढव म्हणून घेऊन मला एवढं बरं वाटलं की मी तिथेच ओट्याला धरून हसत सुटले. ती हसली नाही. पण पुन्हा जाऊन पडलीही नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सोडा किती घेतला होतास?"

"अर्धी वाटी."

"वाटीने भात करतात, ताई."

मग दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून केला. तिच्या ऑफिसच्या पर्समध्ये लॅबचा चष्मा निघाला, तो तिने माझ्या डोळ्यांवर चढवला. रबरी हातमोजे मला घालायला लावले, कपडे पूर्ण बाह्यांचे. मी म्हटलं, साबण करायचाय की चंद्रावर जायचंय? तिचे ओठ हसल्यासारखे जरा हलले. सोड्याचा पुडा उघडायच्या आधी तिने मला समजावून सांगितलं, आणि ती समजावत होती हेच मला खूप होतं. प्रत्येक तेलाला सोडा वेगवेगळा लागतो. खोबरेलाला जास्त, तिळाच्या तेलाला कमी. म्हणून तेल मापाने नाही, वजनानेच घ्यायचं. लिटर म्हणजे किलो नाही. निम्मं खोबरेल, म्हणजे फेस येतो. बाकीचं बरंचसं तिळाचं, म्हणजे अंगाला मऊ लागतं. एरंडेल अगदी थोडं. मोबाइलवर तिने हिशेब मांडला आणि आलेल्या उत्तरातून सोडा आणखी जरासा कमी केला.

"तो का कमी केलास?"

"थोडं तेल तसंच राहू द्यायचं. सगळंच्या सगळं सोड्याला द्यायचं नाही. नाहीतर अंग ओढतं."

आधी पाणी घ्यायचं, मग त्यात सोडा, कधीही उलटं नाही. उलटं केलं तर उसळून तोंडावर येतं. या वेळी स्टीलचं पातेलं. सोडा पाण्यात पडला, आणि खाली गॅस नाही, काही नाही, तरी पातेलं आपोआप तापायला लागलं. वाफ आली. तिने बाहेरून जरासा हात लावला आणि तसाच ठेवला. "बघ," म्हणाली. मीही लावला. मग ते निवेपर्यंत थांबायचं होतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात फरशीवर भिंतीला टेकून बसलो. दुपारचं ऊन खिडकीच्या जाळीतून येऊन तिच्या पायांवर पडलेलं. बोलण्यासारखं काही नव्हतं आणि मला, एवढ्या बडबडीला, बोलावंसंही वाटलं नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसलेली. तिच्या केसांना तेल नव्हतं.

सोड्याचं पाणी तेलात ओतलं आणि मी रवीने घुसळायला घेतलं. रवी मोडीतच काढायची होती. तिने बजावून ठेवलेलं, ही आता ताकाला लावायची नाही. आधी पाणी वेगळं, तेल वेगळं. घुसळत राहिले तसा रंग बदलत गेला, पिवळ्याचा साईसारखा झाला. हात भरून आले. ती म्हणाली, थांबू नकोस. मग रवी उचलली की पडणारी धार वर रेघ धरून राहायला लागली, बासुंदी आटत आल्यावर राहते तशी. ती वाकून बघत होती. तिचा चेहरा त्या पातेल्यावर होता आणि मी तिच्याकडे बघत होते. "झालं," ती म्हणाली. "ओत."

साचे कुठले आलेत, श्रीखंडाचे रिकामे डबे होते. त्यांत ओतलं. आता व्हिडिओतल्या बाईने सांगितलेलं की साचे उबेत ठेवा, रात्रभर आतल्या आत गरम होतात, दुसऱ्या दिवशी वड्या कापा, आणि मग महिना-दीड महिना सुकू द्या. मी माझी एक जुनी सुती साडी आणली, मऊ झालेली, आणि डबे तिच्यात गुंडाळायला लागले. हात आपले काम करत होते, तोंड आपलं बोलत होतं. आईचा आवाज माझ्याच तोंडून यायला लागलाय हे मला उशिरा कळलं. म्हणत होते, "नीट गुंडाळायचं. वारा लागू द्यायचा नाही. आणि आता सव्वा महिना कोणी हात लावायचा नाही."

म्हटलं आणि जीभ चावली.

सव्वा महिना. साबणाला कोणी सव्वा महिना म्हणतं का? सव्वा महिना बाळंतिणीचा. तेल, शेक, गरम पाणी, वारा लागू द्यायचा नाही, जड उचलायचं नाही. माझा आईने केलेला, याच घरात येऊन राहून, माझ्या लेकाच्या वेळी; तो आता होस्टेलला असतो. तेव्हा ही सातवी-आठवीत, ओव्याच्या धुरीने नाक दाबून घरभर नाचायची.

ती ओट्याला धरून उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझा कोणी केलाच नाही, ताई."

मी हातातली साडी तशीच सोडून तिच्याजवळ गेले.

"हॉस्पिटलात म्हणाले, घरी जा आणि विसरा. तिसऱ्या दिवशी दूध आलं. मला कोणी सांगितलंच नव्हतं की येतं. बाळ नसलं तरी येतं. ब्लाउज भिजायचे. मी बाथरूममध्ये जाऊन पिळून टाकायचे. सासूबाईंनी काही विचारलं नाही. यांनीही नाही. दूध ओसरायला कोबीची पानं बांध म्हणून मोबाइलवर वाचलं, ती बांधली." मग ती माझ्याकडे वळली. "मी बाळंत झालेय गं. बाळ नाही, पण मी झालेय ना बाळंत?"

"झालीयेस," मी म्हटलं. "झालीयेस, माझ्या राणी." आणि तिला धरलं. हातमोजे तसेच होते हातात, त्यांचा सोडा तिला लागू नये म्हणून पंजे लांब धरून मी तिला नुसत्या दंडांनी कवळलं. ती हमसून हमसून रडली. मीही रडले. डोळ्यांवर तो चष्मा होता, त्याच्या आत पाणी साचलं आणि मला समोरचं काही दिसेना.

मग मात्र मी कोणाच्या बापाचं ऐकणार नव्हते. दुसऱ्याच सकाळी उरलेलं तिळाचं तेल कोमट केलं. आतल्या खोलीत चटई घातली, खिडकी लावून घेतली. आई कशी चोळायची ते हातांनाच आठवत गेलं. आधी तळपाय, मग पोटऱ्या, मग पाठ, वरून खाली; पोटाला हात अगदी हलका. पोट अजून सैल होतं तिचं. त्यावर हात ठेवला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. मग न्हाणीघरात लाकडी पाट, कढत पाणी, आणि साबणाऐवजी डाळीचं पीठ दुधावरच्या सायीत कालवून. त्याला वास येतो तो स्वयंपाकघराचा. तिला तो चालला.

नंतर धुपाटण्यात निखारे घालून ओवा टाकला आणि तिचे केस धुरीवर सुकवले. सगळं घर धुराने भरून गेलं. आमचे हे खोकत खोकत बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले, शेजाऱ्यांनी काय जळतंय म्हणून विचारलं तर म्हणाले, "काही नाही, आमच्याकडे बाळंतीण आहे." मला आतून ऐकू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसावर मी इतकी चिडलेय, पण त्या एका वाक्यासाठी त्यांचे पुढचे-मागचे सगळे गुन्हे माफ.

तिच्या सासूबाईंचा फोन आला. बाई वाईट नाहीत. त्यांना वाटायचं की बोललं नाही म्हणजे दुखत नाही. म्हणाल्या, "मूल नाही तर बाळंतीण कसली? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना माझ्याकडे पाठवा. चहा देते आणि सांगते." त्यांनी फोन ठेवला. त्या रविवारी तिचा नवरा आला तेव्हा त्याच्या पिशवीत डिंकाचे लाडू होते, सासूबाईंनीच केलेले. त्याने डबा माझ्या हातात दिला आणि आत जाऊन तिच्याजवळ चटईवर बसला. मी दार ओढून घेतलं.

मग ते दिवस असेच गेले, मला त्यांतला एकेक वेगळा काढता येत नाही. सकाळी तेल, वाफ, ओव्याचा धूर. जेवणानंतर तिच्या तळहातावर चिमूटभर बाळंतशेपा. दुपारी ती झोपायची, खरोखरची झोपायची, घोरायचीसुद्धा. कपाटाच्या वरच्या फळीवर साबणाच्या वड्या कागदावर मांडलेल्या, अंतर ठेवून. ती उठली की स्टुलावर चढून त्या उलट्या करायची, एखादी नाकाशी न्यायची. मी खालून विचारायचे, "येतो का वास?" ती म्हणायची, "नाही. तेलाचा जरासा." थंडी हळूहळू ओसरत गेली, खोबरेल आता बरणीत पातळच राहायला लागलं. कधी कधी अर्धवट झोपेत मला वाटायचं की आई आत आहे आणि कोणाला तरी न्हाऊ घालतेय, आणि मी उठून बघितलं तर माझ्याच हाताला तेल लागलेलं असायचं.

अशाच एका सकाळी मी तिच्या पाठीला पीठ लावत होते. न्हाणीघरात एवढी वाफ की खिडकीची काच दिसत नव्हती, नुसता उजेड. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून पाटावर बसलेली.

"मी बघितलेली तिला," ती म्हणाली.

माझा हात थांबला. आम्हा सगळ्यांना वाटत होतं की तिला बाळ दाखवलंच नाही. दाखवू नका, असंच ठरलेलं सगळ्यांचं.

"नर्सला म्हटलं, द्या. तिने आजूबाजूला बघितलं आणि दिली. फडक्यात होती. केस होते तिला, ताई. काळे, दाट. नाक आपल्या आईचं." तिने तोंडावरचं पाणी पुसलं. "सगळे म्हणतात, बाळ गेलं. बाळ गेलं. तिला नाव होतं गं. मी ठेवलेलं, पाचव्या महिन्यापासून मी तिला त्याच नावाने हाक मारायचे. मुलगा असता तर वेगळं. पण मला माहीत होतं मुलगीच आहे."

मी पाठीमागून पुढे आले आणि तिच्यासमोर ओल्या फरशीवर बसले. साडी भिजली, भिजू दे.

"सांग मला," मी म्हटलं.

तिने ओले हात माझ्या मानेभोवती टाकले, मला जवळ ओढलं, आणि बारशाला पाळण्यावर वाकून सांगतात तसं माझ्या कानात सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

मी ते एकदा मोठ्याने उच्चारलं. त्या छोट्याशा न्हाणीघरात ते जरा घुमलं. माझ्या बहिणीने ते ऐकलं, दुसऱ्या कोणाच्या तोंडून पहिल्यांदाच.

"परत म्हण," ती म्हणाली.

मी परत म्हटलं.